आगळ आत्याचं नव्हतं

महिन्याच्या पहिल्या रविवारी, म्हणजे प्रभुभोजनाच्या रविवारी, आमच्या चर्चच्या फाटकाबाहेर एक रिक्षा उभी असे. ती थांबाआत्यासाठी. पाळकसाहेब वेदीपाशी येत, भाकरीवरचं पांढरं कापड उचलत, सगळी मंडळी माना खाली घालून गप्प होई, आणि नेमक्या त्या क्षणी डावीकडच्या तिसऱ्या बाकावरून आवाज येई, "पाळकसाहेब, जरा थांबा." आत्या उठे, पदर सारखा करी, छत्री उचली आणि भर उपासनेतून चालू लागे. कुणाशी तरी आपलं बिनसलंय हे तिला त्याच घटकेला आठवलेलं असे. ते मिटवल्याशिवाय ती प्याल्याला हात लावत नसे.

दर महिन्याला ती उठायचीच असं नाही. रिक्षा मात्र दर महिन्याला सांगून ठेवलेली असे. "आठवलं तर ऐनवेळी पंचाईत नको," असं तिचं म्हणणं. वेदीपाशी आलास आणि भावाचं मन तुझ्यामुळे दुखावलंय हे आठवलं, तर आधी जाऊन समेट कर आणि मग ये, अशी प्रभूची शिकवण आहे. ती आम्ही सगळे लहानपणापासून ऐकत आलो. मी तर ती संडे स्कूलच्या मुलांना शिकवलीसुद्धा. पण ती पायांनी करायची गोष्ट आहे, हे आमच्यात फक्त आत्याला वाटलं.

आत्याला जाऊन बरीच वर्षं झाली. आज मंडळीतल्या तरुण मुलांना ती एकाच किश्शामुळे माहीत आहे: प्रभुभोजनात कोकमाचं आगळ वाटणारी म्हातारी. नाताळच्या जेवणात कुणीतरी तो किस्सा सांगतो आणि टेबलभर हसू पसरतं. तो किस्सा चुकीचा आहे. तो चुकीचा आहे हे माहीत असलेला मी एकटाच उरलो आहे, असं परवापर्यंत समजत होतो. म्हणून हे लिहायला बसलो. पण आत्याबद्दल लिहायचं आणि सुतकी चेहरा करून लिहायचं, हे तिला चाललं नसतं. तेव्हा क्रमाने सांगतो.

आत्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. ट्रंक कॉल लावून ताटकळण्याचे ते दिवस. लग्न केलं नाही, त्यामुळे ती साऱ्या मंडळीची आत्या झाली. निवृत्तीनंतर कर्वेनगरात एका सोसायटीत तळमजल्यावर राहायची. शेजारी बापट म्हणून गृहस्थ होते. जिन्याखाली स्कूटर कुणी लावायची यावरून त्यांचं आणि आत्याचं एकदा चांगलंच वाजलं. आत्याची स्वतःची स्कूटर नव्हती. ती माझ्या स्कूटरसाठी भांडत होती, कारण मी तिच्याकडे जात-येत असे. पुढच्या पहिल्या रविवारी आत्या उठली, रिक्षाने थेट कर्वेनगर गाठलं आणि बापटांची बेल वाजवली. दार नुसतं लोटलेलं होतं आणि बापट अंघोळीला गेले होते. बाथरूमच्या दारापलीकडून त्यांनी विचारलं, "कोण आहे?"

"मी शेजारची. परवा जास्त बोलले. क्षमा मागायला आलेय."

"आत्ता?"

"तिकडे सगळे खोळंबलेत हो."

आत पाणी ओतल्याचा आवाज झाला. मग उत्तर आलं, "क्षमा करायची की नाही, ते अंग पुसल्यावर सांगतो. बसा."

आत्या बसली. बापट बाहेर आले, त्यांनी क्षमा केली, आणि वर विचारलं, "पण स्कूटर कुठे लावायची ठरलं?" आत्या म्हणाली, "तो वाद वेगळा. तो आपण सोमवारी सुरू करू." हे स्वतः बापट पुढे मला सांगायचे आणि सांगताना फार खूश असायचे. तिच्या अंत्यविधीला चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसलेले तेच होते.

इकडे चर्चमध्ये आम्ही काय करायचो? गायचो. त्या वेळचे आमचे पाळकसाहेब शांत आणि मिश्कील होते. आत्या दाराबाहेर पडली की ते माझ्याकडे बघत. मी पेटीवर असे. लांबलचक कडव्यांचं एक जुनं भजन आम्ही याच कामासाठी राखून ठेवलं होतं. ते संपलं आणि आत्या आली नाही, तर पुन्हा पहिल्यापासून. एकदा भाजीवाली जागेवर नव्हती म्हणून आत्याला मंडईभर हिंडावं लागलं, तेव्हा आम्ही ते भजन घसा बसेपर्यंत गायलो. पुढच्या बाकावरचे, मंडळीचा कारभार बघणाऱ्या पंचांपैकी एक, वैतागून म्हणाले, "पाळकसाहेब, एका बाईसाठी सगळ्या मंडळीने थांबायचं?" पाळकसाहेब म्हणाले, "एका मेंढरासाठी बाकीच्यांना सोडून जायचं असतं. आपल्याला तर नुसतं बसायचंय. शिवाय बाकावर गाद्या आहेत."

रिक्षावाल्याशीही तिचं एकदा वाजलं. मीटर पळतोय असं तिला वाटलं आणि फाटकाशी उतरताना तिने सगळ्यांदेखत तसं तोंडावर सांगितलं. आत बाकावर बसल्यावर मन खायला लागलं. प्रभुभोजनाच्या वेळी ती उठली आणि फाटकाशी जाऊन त्यालाच आत घेऊन आली. "सगळ्यांसमोर बोलले होते, तर सगळ्यांसमोरच मिटवते," असं म्हणून तिने त्याची माफी मागितली. तो बिचारा गोंधळून म्हणाला, "राहू द्या मावशी. मीटर थोडा पळतोच." मंडळी खो खो हसली. पुढच्या महिन्यात त्याने मीटर दुरुस्त करून घेतला होता.

मग मोबाइल आले. मंडळीतली पोरं इंजिनिअर होऊन हिंजवडीला लागली आणि उपासनेत मधूनच खिसे वाजू लागले. त्यातला एक पोरगा आत्याला म्हणाला, "आत्या, रिक्षा कशाला? हा घ्या फोन. बाकावर बसल्या बसल्या सॉरी म्हणून टाका. दोन मिनिटांत काम."

आत्याने त्याच्याकडे असं पाहिलं की तो फोन परत खिशात ठेवायला लागला. ती म्हणाली, "बाळा, मी सगळी नोकरी फोनवर केली. गोड आवाजात 'क्षमा करा, लाईन व्यस्त आहे' म्हणायचे, आणि समोरच्याला काय वाटतंय याचं मला सोयरसुतक नसायचं. फोनवरच्या क्षमेची किंमत मला विचार. माणसाचं तोंड बघायला लागलं की खरं बोलावं लागतं."

एक्स्चेंज तिच्या बोलण्यातून कधी गेलं नाही. नव्या पद्धतीच्या प्रार्थनासभा सुरू झाल्या, माईक आले, लोक हात वर करून मोठमोठ्याने प्रार्थना करू लागले. एका गृहस्थांची प्रार्थना रस्त्यापलीकडच्या इस्त्रीवाल्याला ऐकू जात असे. सभा संपल्यावर आत्या त्यांच्याजवळ गेली आणि हळूच म्हणाली, "इतकं ओरडू नका. लाईन चांगली आहे."

तिच्या सोसायटीत वरच्या मजल्यावर एक बौद्ध कुटुंब राहायचं. त्यांची मुलगी आत्याकडे इंग्रजी शिकायला येई. मुलीच्या वडिलांनी एकदा स्पष्टच विचारलं, "बाई, शिकवण्यात धर्मबिर्म काही नाही ना?" आत्या म्हणाली, "अहो, मला अजून स्वतःलाच पुरतं ख्रिस्ती करता आलेलं नाही. तुमच्या मुलीपर्यंत नंबर कधी पोचायचा?" ती मुलगी पुढे मोठी अधिकारी झाली. तिने आत्याला पेढे आणून दिले तेव्हा आत्याने आधी विचारलं, "आईशी भांडण मिटवलंस का?"

आता बाटलीकडे येतो.

आमच्याकडे प्रभुभोजनाला दारू चालत नाही. काळ्या मनुका भिजवायच्या, मंद आचेवर उकळायच्या, मलमलीतून गाळायच्या आणि तो गडद रस छोट्या छोट्या काचेच्या प्याल्यांतून द्यायचा, अशी पद्धत. हा रस कित्येक वर्षं आत्या करत असे. ती तिची सेवा होती आणि तिचा अभिमानही होता. शुक्रवारपासून तिच्या घरात मनुकांचा वास सुटे. रस ढवळताना ती कुणाशी बोलत नसे, कारण बोललं की कुणाची तरी निंदा होते आणि ती रसात उतरते, असं तिचं म्हणणं. सरबताच्या धुतलेल्या बाटलीत तो रस भरून शनिवारी संध्याकाळी ती माझ्या हाती देई. चर्चमध्ये फ्रिज नव्हता. बाटली रात्री माझ्या घरी फ्रिजमध्ये राही आणि सकाळी मी ती स्कूटरवरून नेई.

मी मंडळीचा सचिव होतो. नोकरी भोसरीतल्या एका कारखान्यात, गुणवत्ता तपासणी खात्यात. बाहेरच्या कंपन्या देशात येऊ लागल्या होत्या, आणि आमच्या कारखान्यात एकदम सर्टिफिकेट, तपासण्या आणि घोषवाक्यांचे फलक यांचं वारं सुटलं होतं. ते वारं माझ्याही डोक्यात शिरलं. कारखान्यात जे चालतं ते चर्चमध्ये का चालू नये, असं मला वाटे. उपासना वेळेवर सुरू व्हावी, सूचना थोडक्यात व्हाव्यात, प्रत्येक कामाची पद्धत ठरलेली असावी. किश्शातल्या त्या रविवारी तर प्रभुभोजनाच्या आधी मी मंडळीपुढे उभं राहून चांगलं खडसावलं. "देवाच्या कामात ढिलाई चालणार नाही. कारखान्यात एक नट चुकीचा लागला तर अख्खा माल परत येतो," असं काहीतरी बोललो. लोक चुळबुळले. मी समाधानाने पेटीवर जाऊन बसलो.

भाकर झाली. प्याले वाटले गेले. आमच्याकडे सगळ्यांनी एकाच वेळी घ्यायची रीत आहे. पाळकसाहेब म्हणाले, "आपण सर्व मिळून घेऊ या." सगळ्या मंडळीने डोळे मिटून प्याले तोंडाला लावले.

कोकणातली माणसं कोकमाची फळं मिठात मुरवून त्यांचा दाट लाल रस काढून ठेवतात. तो म्हणजे आगळ. सोलकढीला त्याचा चमचाभर पुरतो. इथे प्रत्येकाने तोंडभर घेतला होता. मग अख्खं चर्च एका सुरात खोकलं. कुणाच्या डोळ्यांतून पाणी, कुणाचा रुमाल तोंडावर, एक लहान मूल भोकाड पसरून म्हणालं, "मम्मी, देव खारट आहे!" पाळकसाहेबांनी गिळलं. त्यांचे कान लाल झाले, पण पुढची प्रार्थना त्यांनी एकही शब्द न गाळता म्हटली. त्या दिवसापासून माझा त्यांच्याबद्दलचा आदर वाढला.

बायकोचं, सरलाचं, माहेर रत्नागिरीकडचं. त्या मे महिन्यात तिने माहेराहून आगळाच्या बाटल्या आणून ओळखीच्या घरी वाटल्या होत्या. एक आत्यालाही दिली होती. त्यामुळे काय झालं ते सगळ्यांच्या ताबडतोब लक्षात आलं. आत्याच्याही आलं. ती जागेवरून उठली, पांढरीफटक पडली होती, आणि म्हणाली, "मंडळी, चूक माझी. माझ्या घरात दोन्ही बाटल्या होत्या. म्हातारी झाले. मला क्षमा करा." लोकांनी लगेच क्षमा केली. काही जण हसत होते. मीही उदारपणे मान हलवली. तोपर्यंत मलाही चूक तिचीच वाटत होती. एवढं माझ्या बाजूने लिहून ठेवतो. पुढे लिहिण्यासारखं माझ्या बाजूचं काही नाही.

सरला संडे स्कूलच्या मुलांना घेऊन मागे थांबली. मी एकटा घरी आलो. तोंडाची खारट चव जावी म्हणून पाण्यासाठी फ्रिज उघडला, तर दाराच्या कप्प्यात मनुकांच्या रसाची बाटली. जशी आत्याने दिली होती तशीच, झाकणावर तिने बांधलेला मलमलीचा तुकडा तसाच. मी सकाळी घाईत शेजारची, सरलाच्या आगळाची, बाटली उचलून नेली होती. दोन्ही बाटल्या एकाच सरबताच्या. मलमलीचा तुकडा गुणवत्ता तपासणीच्या माणसाला दिसला नव्हता.

बाटली हातात घेऊन मी उभा राहिलो. मोरीत ओतून देववेना. प्रभूच्या मेजासाठी केलेला रस. ठेवून द्यावा तर सरला येणार. शेवटी झाकण काढलं आणि उभ्या उभ्या प्यायला लागलो. सबंध मंडळीचा रस मी एकट्याने संपवला. अतिशय गोड होता. त्यानंतरची दुपार कशी गेली हे सांगण्यासारखं नाही. सरलाला वाटलं आगळ बाधलं.

संध्याकाळी तिने विचारलं, "अहो, फ्रिजमधलं आपलं आगळ कुठे गेलं?"

"ऑफिसातल्या एकाला दिलं," मी म्हणालो. "त्याला पित्त आहे."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बरं."

त्याच आठवड्यात पंचांची बैठक झाली. तिथे मी बोलू शकलो असतो. एक वाक्य पुरलं असतं. पण ज्या तोंडाने मी ढिलाईवर बोललो होतो त्याच तोंडाने ते वाक्य बोलायचं होतं. शिवाय लोक हसून मोकळे झालेत, आत्याला कुणी रागावलं नाही, मग कशाला उकरायचं, अशी मी मनाची समजूत घातली. बैठकीत कुणीतरी म्हणालं, आत्यांना आता आराम द्यावा. मी म्हणालो, एकट्या आत्यांना काढलं तर त्यांना वाईट वाटेल, सरसकट नियमच करू. आणि नियम मीच सुचवला: सत्तरीपुढच्या कुणाकडेही उपासनेतली कोणतीही सेवा असू नये. आमच्या कारखान्यात तेव्हा स्वेच्छानिवृत्तीची योजना आली होती. तिच्यावरूनच मला हे सुचलं. फरक एवढाच की आमच्या योजनेत कुणाची इच्छा विचारली नव्हती.

नियमाने आत्याचा रस गेला. योहानदादांची घंटाही गेली. योहानदादा म्हणजे चर्चची घंटा वाजवणारे आमचे जुने सभासद. त्यांच्या हाताला एक लय होती. लग्नाची घंटा वेगळी, मयताची वेगळी, हे ऐकणाऱ्याला न सांगता कळे. त्यांच्या जागी आम्ही बुधवार पेठेतून एक कर्णा आणि घंटेच्या आवाजाची कॅसेट आणली. कॅसेटला लग्न आणि मयत सारखंच. योहानदादा त्यानंतरही रविवारी सगळ्यांच्या आधी यायचे आणि दोरीखालच्या बाकावर नुसते बसून राहायचे.

पुढचा प्रभुभोजनाचा रविवार आला. आता प्याल्यांत दुकानातला डब्यातला रस होता. पाळकसाहेबांनी कापड उचललं आणि तिसऱ्या बाकावरून आवाज आला, "पाळकसाहेब, जरा थांबा." मी सवयीने पेटीचा भाता उघडला. पण आत्या दाराकडे गेली नाही. ती सरळ माझ्याकडे आली. पेटीसमोर उभी राहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "सुधाकर, महिनाभर मी तुझ्यावर मनात राग धरला. मला क्षमा कर."

लोकांना वाटलं, सेवा काढून घेतली म्हणून राग. मला मात्र कळलं. तिने घरी जाऊन पाहिलं असणार. सरलाने दिलेली तिची आगळाची बाटली तिच्या फडताळात जागच्या जागी असणार. आणि तिच्या घरापासून चर्चपर्यंत रसाला हात लागले होते फक्त माझे.

मी म्हणालो, "आत्या, अहो, झालं गेलं विसरा. मी कधीच क्षमा केली."

ती क्षणभर उभी राहिली. जायला हवं होतं त्याहून थोडं जास्त. माझ्या वाटणीचं वाक्य मी बोलावं म्हणून ती थांबली होती, हे मला तेव्हाही समजलं होतं. मग तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि जागेवर जाऊन बसली. उपासना संपल्यावर दोघा-तिघांनी येऊन माझा हात हातात घेतला. "सचिवसाहेब, मन मोठं हवं, ते तुमच्याकडे आहे." मी 'आभार' म्हणालो. त्या दिवशी मी प्यालाही घेतला.

वर्षं गेली. कारखान्याने मलाही स्वेच्छानिवृत्ती दिली. तोपर्यंत आत्या पुतण्याकडे धायरीला राहायला गेली होती. गुडघे गेले होते, चर्चला येणं बंद झालं होतं. निवृत्त माणसाला दुपारी घरात करायला काही नसतं, आणि मनातलं एकेक वर येतं. एके दिवशी सरळ धायरीला गेलो. आत्या बाल्कनीत खुर्ची टाकून समोर चढणाऱ्या नव्या इमारतीवर देखरेख करत होती. मी बसलो, पाणी प्यालो आणि सांगून टाकलं. फ्रिज, बाटली, मलमल, सगळं.

मग तिने विचारलं, "रसाचं काय केलंस?"

"प्यालो."

"सगळा?"

"सगळा."

आत्या हसायला लागली. खुर्चीचा हात धरून हसली, डोळ्यांना पदर लावून हसली. पुतण्याची बायको आतून बघायला आली. "अरे, एवढ्या लोकांचा वाटा एकट्याने घेतलास," ती म्हणाली, "तू तर आतापर्यंत संत व्हायला हवं होतंस!"

मी म्हणालो, "आत्या, मला क्षमा करा."

"माझी क्षमा तुला तेव्हाच झाली. पेटीपाशी कशाला आले होते मी?" तिचं हसणं थांबलं होतं. "मला सांगून तुझं ओझं उतरलं, चांगलं झालं. पण तू चुकलास ते मंडळीपुढे. आणि माझ्या नावाचं काय एवढं? लोक हसले, हसू देत. तो नियम मात्र वाईट. माझ्या हातून चूक झाली असं धरून तुम्ही सगळ्या म्हाताऱ्यांची कामं काढलीत. योहान जाईपर्यंत दोरीकडे बघत बसायचा. त्यांना खरं सांग आणि तो नियम काढायला लाव."

"सांगतो," मी म्हणालो.

"कधी?"

"बघू, येत्या…"

"लाईन व्यस्त आहे वाटतं," आत्या म्हणाली, आणि आत वळून तिने माझ्यासाठी चहा सांगितला.

मी सांगितलं नाही. त्या महिन्यात नाही, त्या वर्षी नाही. मग आत्या गेली. अंत्यविधीला चर्च भरलं होतं. रिक्षावाले होते, भाजीवाल्या होत्या, वरच्या मजल्यावरचं बौद्ध कुटुंब होतं. आत्याने कधी ना कधी ज्यांची माफी मागितली होती अशा माणसांनीच निम्मे बाक भरले होते. आठवणी सांगताना कुणीतरी आगळाचा किस्सा सांगितला. सगळे रडता रडता हसले. मीही हसलो. बापट मात्र माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "बाईंच्या हातून असं झालं असेल, हे मला कधी पटलं नाही बुवा. त्यांचं फडताळ मी पाहिलंय. सैन्यातसुद्धा असं नसेल." मी कॅसेटच्या घंटेकडे कान दिल्यासारखं केलं.

आता मीच सत्तरीच्या पुष्कळ पुढे आलो आहे. गेल्या महिन्यात पाळकांकडे गेलो. हे नवे पाळक तरुण आहेत. मी म्हणालो, मला पुढच्या प्रभुभोजनाआधी मंडळीला पाच मिनिटं काही वाचून दाखवायचंय. शेजारी सध्याचा सचिव होता, आयटीतला, नम्र मुलगा. त्याने लॅपटॉप उघडला आणि अवघडून म्हणाला, "काका, सॉरी, पण एक रूल आहे. सेव्हंटीच्या वर असेल तर उपासनेत पार्ट घेता येत नाही. जुना आहे, पण अजून कुणी काढलेला नाही."

"ठाऊक आहे," मी म्हणालो. "तो का झाला तेच वाचायचंय." आणि त्यांना तिथेच सगळं सांगितलं. सचिव आगळापर्यंत हसत होता. पेटीपर्यंत आल्यावर हसायचा थांबला. पाळकांनी विचारलं, "काका, पंचांसमोर सांगितलंत तरी चालेल. नियम तिथेच रद्द होईल. सगळ्या मंडळीसमोर कशाला?" मी म्हणालो, प्याले सगळ्यांनी उचलले होते. ते बरं म्हणाले. येत्या पहिल्या रविवारची वेळ ठरली.

परवा सरलाला इथवर लिहिलेलं सगळं वाचून दाखवलं. इतक्या वर्षांत तिला सांगितलं नव्हतं. ती भाजी निवडत होती. संपल्यावर मी विचारलं, "तुला काहीच आश्चर्य वाटत नाही?"

"अहो, बाटली माझी होती," ती म्हणाली.

"मग बोलली का नाहीस?"

"तुमची वाट बघत होते. आणि वाट बघता बघता मीही त्यात आले. तेव्हा ते आगळ ऑफिसात दिल्याचं वाक्य वाचाल ना, तिथे माझंही नाव घाला. मला कळलं होतं आणि मी 'बरं' म्हणाले, असं स्पष्ट लिहा."

मी ते इथे लिहिलं आहे. मग तिला विचारलं, रविवारी समोर बसशील का, मला जरा धीर येईल.

"पहिल्या बाकावर बसते," सरला म्हणाली. "धीर तुमचा तुम्ही आणा. मी कागद घेऊन बसणार आहे, तुम्ही मधलं काही गाळताय का ते बघायला."